दोनदा बारसं झालेला हैबती

ऐका, आणि मधे मधे "हे खरं का?" असं विचारू नका. खरं किती नि वाढवलेलं किती, ते मलाही ठाऊक नाही. फार वर्षांपूर्वी, समुद्रापल्याड पहिली मोठी लढाई पेटली होती तेव्हा, आमच्या पिंपळवाडीत हैबती जगदाळे नावाचा एक गडी होता. उंच इतका की घरात शिरताना वाकायचा, आणि वाकला रे वाकला की त्याच्या तिन्ही पोरी पाठीवर चढायच्या. मग हा घोडा होऊन गावभर फिरायचा. त्याची बायको ठकूबाई दारातून ओरडायची, "अवो, वयाची तरी लाज धरा!" हा तिच्याकडं बघून खिंकाळायचा. असा माणूस.

पलटणीबरोबर तो बसऱ्याकडं गेला. तिथं नुसती वाळू. प्यायला पाणी नाही आणि खायला असतील त्या भाकऱ्या किडलेल्या. पण हैबती सोंगं काढायचा. साहेबाचं चालणं, खेचराचं रुसणं, सगळं. असं म्हणतात, तो हसला की ते हसू तीन टेकड्या ओलांडून जायचं, आणि एकदा तर समोरच्या दुश्मनानं बंदुका थांबवून काय चाललंय म्हणून माना वर काढल्या होत्या.

आता नीट ऐका, घोटाळा इथंच आहे. त्याच पलटणीत आणखी एक हैबती जगदाळे होता. तोही पिंपळवाडीचाच, पण नदीपल्याडच्या पिंपळवाडीचा. पिंपळवाड्या काय थोड्या आहेत आपल्याकडं! पलटणीनं आमच्याला थोरला म्हटलं नि त्याला धाकटा. दोघं एका ताटात जेवायचे. एका चकमकीत धाकट्याला गोळी लागली. थोरल्यानं त्याला खांद्यावर टाकलं आणि दवाखान्याच्या तंबूकडं सात मैल चालत सुटला. पोरगा झोपला तर संपला, म्हणून वाटभर त्याला गावाकडच्या गमती सांगत राहिला. असं म्हणतात, तंबू दिसायला लागला तेव्हा धाकटा शेवटचं खळखळून हसला आणि गेला.

घरी तार गेली. तारेत काय, तर हैबती जगदाळे, पिंपळवाडी, लढाईत पडला. ती आली आमच्या गावात! तार वाचणाऱ्यानं वाचली, बाकीच्यांनी हंबरडा फोडला. ठकूबाईच्या बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं. देह नव्हता म्हणून दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. तेरावंही झालं.

आणि दहा महिन्यांनी, भर दुपारी, हैबती शीळ घालत वेशीत हजर! पाणवठ्यावरच्या बायांनी घागरी टाकून धूम ठोकली. "भूत, भूत!"

"अगं, भूत असतो तर बारा कोस चालत आलो असतो का?" हा ओरडला. "टाचा बघा माझ्या, फुटल्यात!"

तेवढ्यात ठकूबाई धावत आली. हैबतीनं तिचं मोकळं कपाळ बघितलं आणि त्याचं हसू तिथंच थांबलं. लढाईत न रडलेला माणूस वेशीत उभा राहून पोरासारखा रडला.

पण गाव कसलं ऐकतंय! जुनी माणसं म्हणाली, ज्याचं तेरावं झालं तो मेला. त्याला घरात घेता येत नाही, आणि ठकूबाईला कुंकू लावता येत नाही. जोशीबुवांनी पोथी उघडली, बराच वेळ पानं चाळली आणि सांगितलं, "याला पुन्हा जन्माला यावं लागेल. बारसं करायचं, मग याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. तोवर ही विधवा आणि हा परका."

"मग घाला की जन्माला!" हैबतीनं डोळे पुसले. "उशीर कशाला? बाळाला भूक लागलीय."

घरच्या पाळण्यात त्याचा एक पायसुद्धा मावेना. मग बैलगाडीची साटी सोडली, चारी कोपऱ्यांना दोर बांधले आणि वेशीवरच्या पिंपळाला टांगली. आत मिशाळ बाळ. तीन पोरी झोका देतायत, आणि बाळ "ट्यँहा" करतंय. बाया हसून हसून जमिनीवर बसल्या. त्याची आत्या बगाबाई, तोंडात एकही दात नाही, वाकून कानात "कुर्रर्र" म्हणाली आणि बायांनी तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घातले.

"नाव नवं ठेव," जोशीबुवा म्हणाले. "जुनं मेलं."

"तेच ठेव, आत्या," पाळण्यातून आवाज आला, आणि या वेळी त्यात मस्करी नव्हती. "मेला तो हैबती निराळा. माझा दोस्त होता." आणि त्यानं धाकट्याची सगळी हकीकत सांगितली.

तेच नाव ठेवलं. लगेच तिथंच लग्न लागलं. पोटच्या पोरी करवल्या झाल्या. अंतरपाट दूर झाला, हार पडले, पंगत बसली. ठकूबाईनं मात्र पानाला हात लावला नाही.

"त्या पिंपळवाडीत कुणी सांगितलं का?" तिनं विचारलं.

"तार हितं आली. कोण सांगणार?"

"मग उठा. दहा महिने त्या माउलीचं रडणं मी रडले. ती अजून वाटंकडं डोळे लावून बसली असंल."

दोघं भरल्या ताटावरून उठली, हळद अंगावर तशीच. वळीव पडून नदीला लोंढा आला होता. पण असं म्हणतात, ती दोघं उतरली तसं पाणी घोट्याखाली गेलं, आणि पल्याड पोचल्यावर पुन्हा दुथडी वाहू लागलं.

धाकट्याची आई राऊबाई दारात बाजरी पाखडत होती. पलटणीचा डगला बघून तिनं सूप टाकलं. "हैबती?"

"व्हय, हैबतीच. पर तुजा न्हाई, आई."

तिला काय ते कळलं. तिनं त्याच्या डगल्याची बाही धरली. मग म्हणाली, "लई तरास झाला का रं त्याला?"

"हसत गेला. माज्या खांद्यावर."

म्हातारीनं टाहो फोडला. ठकूबाईनं तिला मिठीत घेतलं. मग एवढा मोठा गडी वाकला आणि त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. "मी आजच जन्मलोय, आई. बारसं झालं, पर आई न्हाई मला. तू होतीस का?"

पुढं म्हातारी बारा वर्षं जगली. हैबती दर आठवड्याला नदी ओलांडून जायचा, सोंगं काढायचा, आणि ती हसल्याशिवाय परत फिरायचा नाही. तिच्या तिरडीला खांदा दिला तोही त्यानंच.

आजही आमच्याकडं जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पिंपळाला साटी टांगतात. सुट्टीवर आलेला जवान, मग तो शिपाई असो की सुभेदार, तिच्यात झोपतो, आत्या "कुर्रर्र" करते, गुद्दे खाते, आणि अख्खी वेस हसते. आमच्या गावचा कुठलाही फौजी आजवर या झोक्याला नाही म्हणालेला नाही, हे आम्ही छाती फुगवून सांगतो. पण त्याआधी पाळणा एकदा रिकामा हलवतात. दोर नदीपल्याडच्या पिंपळवाडीची माणसं ओढतात. सगळ्यांत म्हातारी आत्या वाकते आणि न परतलेल्यांची नावं एकेक करून पाळण्यात सांगते. पहिलं नाव धाकट्या हैबतीचं.