वाऱ्याचं निशाण

फार पूर्वी, माणसं वाऱ्याच्या भरवशावर धान्य उफणत, तेव्हाची ही गोष्ट. एक होतं डोंगरराज्य आणि त्याच्या पायथ्याशी मैदानराज्य. डोंगरातल्या लोकांनी कधीही शस्त्र न धरण्याची शपथ घेतली होती.

वारा आधी डोंगरावर वळे, मैदानात घटकाभराने पोचे. म्हणून सुगीत डोंगरावरची एक मावशी खालच्यांसाठी निशाण लावी. वारा डोंगराकडे वाहत असला की पांढरं, मैदानाकडे वळणार असला की पिवळं. पिवळं दिसलं की खळ्यांवर एकच धांदल उडे आणि पोरं ओरडत, "मावशीनं वारा फिरवला!" काय दिवस होते ते! नुसतं ऐकूनही जीव हळवा होतो.

त्यातलंच एक पोर मोठेपणी मैदानाचा राजा झालं आणि त्याच्या डोक्यात हवा गेली. त्याने एक विषारी भुकटी बनवून मडक्यांत भरून घेतली. ती वाऱ्यावर सोडली की जाईल तिथे गवताची काडीसुद्धा उरणार नव्हती. त्याने निरोप धाडला, "उद्या दुपारपर्यंत डोंगर सोडा, नाहीतर मडकी उघडतो."

डोंगरातून उत्तर गेलं, "आम्ही जाणार नाही आणि लढणारही नाही."

दुसऱ्या दिवशी वारा डोंगराकडेच वाहत होता. राजा मडक्यांपाशी उभा राहिला. त्याची माणसं शेजारच्या खळ्यांवर खुशाल उफणत होती. आपल्याला कसली भीती, असं त्यांना वाटत होतं.

भर दुपारी मावशीचा पदर उलटा फडफडला. तिने पिवळं निशाण उचललं. डोंगरराज्याच्या प्रधानाने तिचा हात धरला.

"मावशी, आज राहू दे. त्याची भुकटी त्याच्यावरच उलटेल. आपण बोटही लावायला नको."

"आणि खळ्यावरची माणसं?"

"ती आपली नाहीत."

"चाळीस वर्षं त्यांच्यासाठीच निशाण लावतेय मी. आज गप्प बसले, तर ते शस्त्रच झालं की रे."

"उद्या वारा परत फिरेल. मग आपण मरू."

"मरू," मावशी म्हणाली. तिने हात सोडवून घेतला आणि दोरी ओढली.

झाकणावर हात ठेवलेल्या राजाला पिवळं निशाण दिसलं. लहानपणच्या सवयीने तो ओरडला, "वारा फिरला!" आणि दचकून त्याने हात मागे घेतला. थोड्याच वेळात खळ्यावरचा भुसा उडून त्याच्या तोंडावर आला.

संध्याकाळी तो एकटाच डोंगर चढून आला. "मावशी, तू गप्प का नाही बसलीस?"

"सुगी आहे ना, बाबा," ती म्हणाली. राजाला रडू आवरलं नाही.

भुकटी जाळता येईना, बुडवता येईना. मग राजाने ती मडकी खोल पुरली आणि पुन्हा कोणी उकरू नये म्हणून त्यावर दोन्ही राज्यांचं मिळून एक खळं केलं.

तात्पर्य: आपल्या जिवावर उठलेल्याच्याही घरादाराची ज्याला काळजी वाटते, त्याचीच अहिंसा खरी.