ओल्या वेताची खुर्ची

"मग यातलं सोडू काय, बाबा? तेवढं सांगा, की मी निघालोच."

शांतवन खरात मिशन कंपाउंडातल्या शेवटच्या घराच्या ओट्यावर उभा होता. एका हातात यादी, दुसऱ्या हातात पेन. रंगाच्या दुकानात ऑर्डर लिहून घेतानाही तो असाच उभा राहायचा.

आढावबाबा खाली सतरंजीवर बसले होते. चाळीस वर्षं इथल्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक होते. निवृत्त झाल्यापासून लोकांच्या वेताच्या खुर्च्या विणून देत. आताही पुढ्यात एक खुर्ची होती, बैठक पार गेलेली; ती नव्यानं विणून होत आली होती. शेजारी घमेल्यात वेताच्या पट्ट्या भिजत पडल्या होत्या.

"वाच बघू."

"मंडळीचा सेक्रेटरी. दफनभूमीची भिंत. नाताळचं जेवण. तरुणांचं शिबिर. गायन मंडळाचा दौरा. रविवारच्या शाळेची गाडी. आणि व्यापारी संघ. झाली सात. डॉक्टर म्हणाले, खरातसाहेब, असं धावाल तर एक दिवस रस्त्यात बसाल. म्हटलं ठीक आहे, साधं जगायचं. ठरवलं म्हणजे ठरवलं. पण बाबा, एक व्यापारी संघ सोडला तर सगळी कामं देवाची! कशावर काट मारू?"

"बस ना आधी."

"नको. पाचला मीटिंग आहे. पँट चुरगळते."

बाबांनी घमेल्यातून एक पट्टी काढली, निथळली, खुर्चीच्या भोकातून ओवली.

"गुड फ्रायडेचं ऐकलंत का?" शांतवनच पुढे म्हणाला. "तीन मंडळ्यांना मांडव दिला, स्पीकर दिले. दुपारी बारा ते तीन, तिन्हीकडे एकाच वेळी उपासना. कुठे खरखर नाही की काही नाही. लोक अजून नाव काढतात."

"तू कुठल्या उपासनेला बसलास?"

"बसतो कुठला! तिन्हीकडे उभा होतो."

बाबा हसले. दात फारसे उरले नव्हते, पण हसणं चांगलं भरघोस होतं.

दुकानदाराला एक सवय असते. समोर एक गिऱ्हाईक असलं तरी नजर दारावर, पुढच्या गिऱ्हाइकावर. शांतवनची नजर तशीच सारखी फाटकाकडे जात होती. स्कूटर तिथे लावली होती.

"हे टोक धर जरा," बाबा म्हणाले. "माझी खुंटी हरवलीय. पट्टी ताणून धरायला काहीतरी लागतं."

त्यानं यादी ओट्याच्या कठड्यावर ठेवली, वर एक दगड ठेवला आणि ओणवं होऊन टोक धरलं.

"सोडायचं नाही हं. सोडलंस की सगळं सैल पडेल."

खिशात फोन वाजला. शांतवनचा हात निघाला.

"सोडू नकोस."

"बाबा, मीटिंगचा असेल..."

"खुंटी फोन घेत नसते."

फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला. बाबांची बोटं सावकाश चालली होती. एक पट्टी वरून, एक खालून. कंपाउंडातल्या चिंचेखाली कोणाची तरी कोंबडी माती उकरत होती. एवढाच काय तो आवाज.

पाठ भरून आल्यावर शांतवननं एक पाय पायरीवर टेकवला. करायला काही नाही म्हटल्यावर तो खुर्ची न्याहाळू लागला. धंद्याची नजर!

"कोणी दिलाय हो हा पोपटी रंग? प्रायमरसुद्धा मारलेला नाही. बघा, पापुद्रे सुटलेत. ब्रशचे केससुद्धा आत अडकलेत."

"असेल कोणी घाईतला."

"घाईतला कसला, अडाणी आहे."

बाबांनी नवी पट्टी ओवली. फोन पुन्हा वाजला.

"सुगंधा कशी आहे?"

सुगंधा म्हणजे शांतवनची बायको. ईस्टरच्या आठवड्यात मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. आठ महिने झाले, पलंगावर होती.

"तिची काही काळजी नाही बघा." शांतवनचा चेहरा खुलला. "व्यवस्था एकदम चोख. दिवसा नर्स. पाण्याची गादी पुण्याहून आणली. पलंगावरून दिसेल असा टीव्ही लावला. स्वयंपाकाला सरूबाई आहेच. आणि संध्याकाळची प्रार्थना चुकू नये म्हणून एक बायबलबाई ठरवून दिलीय. रोज साडेसहाला येते, गीत म्हणते, प्रार्थना करते, जाते. एक दिवस खाडा नाही."

"आधी ती प्रार्थना कोण चालवायचं?"

"आम्हीच दोघं. सत्तावीस वर्षं. पण आता मला जमत नाही ना बाबा, मंडळीच्या कामात..."



बाबांनी शेवटची पट्टी ओढून घेतली, गाठ मारली, कात्रीनं टोक कापलं.

"सोड आता."

शांतवन सरळ झाला. कंबर धरली. पहिलं काम केलं ते फोन काढायचं.

"किती?" बाबांनी विचारलं.

"अकरा! बघा, अर्धा तास नाही झाला आणि अकरा. चार सेक्रेटरीपणाचे. तीन भिंतवाल्याचे. शिबिराचे दोन. गायन मंडळ एक. संघ एक."

"घरचा?"

शांतवननं अंगठ्यानं वरखाली करून पाहिलं.

"नाही. घरून नसतोच. सगळी व्यवस्था आहे म्हटल्यावर..."

"कधीच नव्हता?"

"पहिले दोन महिने असायचा. दिवसातून पाच-सहा वेळा. काम काहीच नाही हो. कुठे आहात, जेवलात का, कधी येता. मी म्हणायचो, अगं, कामात आहे. मग कळलं तिला."

"कळलं," बाबा म्हणाले.

...

चिंचेखालची कोंबडी कुठेतरी निघून गेली होती. शांतवननं फोन खिशात ठेवला. पुन्हा काढला. पुन्हा ठेवला.

बाबांनी खुर्ची उलटी केली आणि ओल्या फडक्यानं पाय पुसायला घेतले. मागच्या पायाला आतल्या बाजूनं पोपटी रंगाचा एक जाड ओघळ वाळून बसला होता, टोकाला थेंब तसाच लोंबता. शांतवन वाकला. ओघळावर बोट फिरवलं.

या रंगाचा डबा त्यानं स्वतः फोडला होता. लग्नानंतरचा पहिला नाताळ. दुकानसुद्धा तेव्हा नव्हतं. उपासनेच्या घंटेआधी दोन खुर्च्या रंगवून वाळवायच्या होत्या. सुगंधा दारात उभी राहून हसत होती, अहो, प्रायमर म्हणून काहीतरी असतं ना?

"बाबा... ही खुर्ची कोणाची?"

"तीन आठवडे झाले. सरूबाई डोक्यावर घेऊन आली होती."

"आमची?"

"पलंगाशेजारची."

"पण मला कोणी बोललं नाही. ती बोलली नाही." त्याचा आवाज जरा चढला. "दुकानात गिऱ्हाइकांसाठी घेतलेल्या नव्या खुर्च्या पडल्यात. एक शब्द टाकला असता तर चार पाठवल्या असत्या!"

"निरोप मला होता. तुला नव्हता."

"काय निरोप होता?"

बाबांनी फडकं पिळलं, कठड्यावर वाळत घातलं. सांगावं की नाही, असं जरा वेळ त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"'बाबा, बैठक फाटलीय, म्हणून ह्यांना माझ्याजवळ बसता येत नसेल. तेवढी विणून द्या.'"

...

शांतवननं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. फोन वाजला. या वेळी बाबांनी अडवलं नाही. त्यानं तो वाजू दिला.

मग खुर्ची उचलली, खांद्यावर घेतली आणि पायऱ्या उतरला. फाटकाशी स्कूटर होती, पण खुर्ची स्कूटरवर मावणारी नव्हती. तो जरा थबकला आणि तसाच पायी निघाला.

"शांतवना!"

त्यानं मागे वळून पाहिलं. यादी अजून कठड्यावर होती, दगडाखाली. घ्यायला परत यावं की काय, अशा विचारानं त्याचं एक पाऊल मागे पडलंही.

बाबांनी यादीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वेत ओला आहे रे. आज खुर्चीवर बसायचं नाही. आज खाली बस."