अंजिराचा पिझ्झा

“पण चुकतंय कुठं, माय? तेवढं सांग.”

श्रीरंग कामथे हे तिसऱ्यांदा विचारत होता. भागामाय अंजिरं धूत होती. उत्तर द्यायची तिला काही घाई नव्हती.

पुरंदरच्या पायथ्याशी अंजिराच्या बागेत एक जुना मठ आहे. तिथल्या समाधीचा नैवेद्य भागामाय चाळीस वर्षं रांधते आहे. श्रीरंग पीठ मळायला तिच्याजवळच शिकला. पुढे तो पुण्यात मोठ्या हॉटेलचा मुख्य आचारी झाला, पेपरात त्याचे फोटो छापून आले, आणि अठरा वर्षं त्याला मठाची वाट आठवली नाही. आज आठवली, कारण दुसरीकडे जायला जागाच उरली नव्हती.

“लेकीची वही समोर ठेवून करतो,” तो म्हणाला. “ओवीच्याच हातची वही. तेच चीज, हीच अंजिरं. अकरा वेळा केला तिचा पिझ्झा. कुंदा नुसती बघते, ताट सरकवते आणि आत निघून जाते.”

“बायको तुझ्या हातचं दुसरं काही खाती?”

“नाही. ओवी गेली त्याला वर्ष झालं. वर्षभरात कुंदानं माझ्यासमोर घास घेतला नाही. नुसती हाडं राहिलीत, माय... तीही जाईल.”

“आन् तू जेवतोस?”

“मला काय... हॉटेलात चाखावंच लागतं.”

भागामायनं परात पुढं सरकवली.

“कर हितं.”

त्यानं बाह्या सारल्या. पीठ मळून ओल्या फडक्याखाली ठेवलं आणि ते फुगेपर्यंत बोलत बसला. आपल्या हातचं खाऊन बड्याबड्यांची बोलती कशी बंद होते, हेही सांगून झालं. दुःखात माणूस बढाई विसरतो असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं श्रीरंगला पाहिलेलं नाही.

मग रोटी थापली. तिच्यावर आधी सोबत आणलेलं चीज, मग अंजिराच्या पातळ चकत्या. मठात ओव्हन कुठला असायला? तव्यावर झाकण ठेवलं आणि झाकणावर निखारे. वेळ झाली तसं त्यानं झाकण उचललं. कड सोनेरी, चीज लुसलुशीत, एकही चकती करपलेली नाही.

सवयीनं त्यानं कड मोडली आणि तोंडात टाकली.

भागामायनं तवा उतरवून बाजूला ठेवला. “उष्टा झाला. आता नैवेद्याला चालायचा न्हाई.”

श्रीरंगनं जीभ चावली. मठात रांधणारा चाखत नाही, हे तिनंच त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

“पोरगी चाखायची का रं, करताना?”

“नाही. पहिला तुकडा मला द्यायची. आणि समोर बसून बघायची.”

“काय बघायची?”

“... माझं तोंड.”

“मग तू काय म्हणायचास?”

निखारे विझत आले होते. त्यानं ते उगाच चाळवले.

“मधे कच्चा आहे, म्हणायचो. अंजीर खाली घातलंस म्हणून पाणी सुटलं, म्हणायचो. शिकावी म्हणून, माय! चौदा वर्षांची होती. मी नाही सांगणार तर कोण सांगणार?”

“आन् शेवटच्या येळी?”

“त्या रविवारी...” त्यानं फडक्याची घडी घातली. “त्या रविवारी चाखलासुद्धा नाही. बघितला आणि ताट सरकवलं. तिसऱ्या दिवशी तिला ताप आला. दहा दिवसांत सगळं संपलं.”

“मग त्यो खाल्ला कुणी?”

“कुंदानं. ओट्यापाशी उभी राहून. सगळा.”

...

भागामाय उठली. परातीत थोडं पीठ उरलं होतं. तिचे हात आता कापायचे, रोटी वाकडी झाली. तिनं अंजिरं आधी टाकली आणि चीज वर. पिझ्झा म्हणजे काय, हे तिनं आजच पाहिलं होतं. झाकणावर टाकलेले नवे निखारे सगळे एकाच बाजूला पडले. सारखे करायला श्रीरंगचा हात दोनदा पुढं आला. दोनदा तिनं नुसतं त्याच्याकडं पाहिलं.

झाकण निघालं तेव्हा एका कडेचा कोळसा झाला होता आणि मधे पाणी साचलं होतं.

तोच पिझ्झा तिनं समाधीपुढं ठेवला, हात जोडले. मग पहिला तुकडा मोडून श्रीरंगच्या हातावर ठेवला आणि समोर बसली. त्याच्या तोंडाकडं बघत.

त्यानं घास चावला. कच्चं पीठ टाळूला चिकटलं.

“मधे क...”

त्यानं वर बघितलं. समोर बसली होती ती ऐंशीला टेकलेली म्हातारी, पण ते बघणं ओवीचं होतं. दर रविवारी पोर अशीच बघत बसायची, आणि तिला काय ऐकायचं होतं ते या शहाण्याला एकदाही कळलं नव्हतं.

श्रीरंग रडला. हॉटेलातल्या कुणी ओळखला नसता, इतका वेडावाकडा रडला. तुकडा मात्र त्यानं संपवला, करपलेल्या कडेसकट.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले. आपण केलेला पिझ्झा तो फडक्यात बांधू लागला.

“कुणासाठी?”

“कुंदासाठी.”

भागामायनं त्याच्या हातातून फडकं काढून घेतलं.

“रिकाम्या हातानं जा.”

“रिकाम्या हातानं? आणि ती जेवलीच नाही तर, माय?”

“तर तूबी उपाशी बस. तिच्या शेजारी.”