जुनी जीप आणि स्वस्तातला टर्बो

घाटात अजून डांबर पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. सावळारामने आपल्या जुन्या जीपला घरच्या अंगणातच स्वस्तातला टर्बो बसवला. जीप धास्तावली, पण म्हातारी म्हणून मोडीत काढतील या भीतीने गप्प राहिली.

दुसऱ्याच दिवशी एका अडलेल्या बाईला घेऊन घाट चढायची वेळ आली. टर्बो जीव खाऊन इंजिनात हवा कोंबू लागला. इंजिन तापलं, तशी जीप म्हणाली, "जरा बेताने रे. माझ्या छातीत आता तेवढा दम नाही."

टर्बो ओशाळला. "बरं झालं बोललात, आजी. मीही हलक्याच धातूचा. तुम्ही हसाल म्हणून थांबत नव्हतो."

मग दोघं एकमेकांच्या कलाने घाट चढली. दवाखान्याच्या दारात दोघं तापल्या अंगाने उभी होती, तेव्हा आतून बाळाचं रडणं ऐकू आलं.