दोनशे अकरा आणि एक

एकदा एका गावात दोनशे बारा मतं पडली आणि त्यांतलं एक मत गावाला सोसलं नाही. गाव अमेरिकेतलं, मक्याच्या सपाट शेतांमध्ये वसलेलं. एक चर्च, एक शाळा, किराणा आणि पशुखाद्याचं एक दुकान. आपल्याकडे पारावर जे चालतं ते तिथे कॉफीच्या टेबलावर चालतं, एवढाच काय तो फरक. सारं गाव पिढ्यान्‌पिढ्या एकाच पक्षाचं. निवडणूक आली की घरोघरी अंगणात त्या पक्षाची पाटी उभी राही. त्या वर्षी निकालाचा कागद शाळेच्या दारावर लागला: दोनशे अकरा इकडे, एक तिकडे.

जिंकले तर होतेच. तरीही गावात दुसरा विषय उरला नाही. तो एक कोण?

संशय दुकानदारावर गेला. कारण इतकंच, की त्याने अंगणात कधी पाटी लावली नव्हती. 'मी दुकान चालवतो, मला पाट्या कशाला?' असं तो म्हणे. वीस वर्षं हे उत्तर लोकांना साधं वाटलं होतं, आता ते लबाडीचं वाटू लागलं. कुणी शिवी दिली नाही, काच फोडली नाही. लोक फक्त चाळीस मैलांवरच्या शहरातून साखर आणू लागले. सज्जन माणसं वाळीत टाकतात ती अशीच, नमस्कार-चमत्कार चालू ठेवून. दोन महिन्यांत त्याने दुकान विकायला काढलं.

गावात एक वृद्ध पशुवैद्य होते. त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. त्यांच्या हाताखाली तिशीतला एक शिष्य काम शिकत होता. पुढे दवाखाना त्यानेच सांभाळायचा होता. एका रविवारी प्रार्थनेनंतर लोक कॉफीचे कप घेऊन उभे होते, तेव्हा डॉक्टर सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्या दुकानदाराला उगाच छळू नका. ते मत माझं होतं."

सोमवारी दुकानात गिऱ्हाईक परतलं. दवाखान्यात मात्र जो फोन येई तो शिष्यासाठी, आणि 'तू एकटाच ये' असं बजावून. डॉक्टर दिवसभर खिडकीपाशी बसून राहत. एका सकाळी शेजाऱ्याची घोडी अडली. शिष्याचा हात अजून तयार नव्हता. "डॉक्टरांना बोलावू का?" त्याने विचारलं. "नको," शेजारी म्हणाला. शिंगरू पोटातच मेलं.

शिष्य परत आला, हात धुतले आणि डॉक्टरांसमोर उभा राहिला.

"डॉक्टर, ते मत तुमचं नव्हतं."

"कशावरून म्हणतोस?"

"मला ठाऊक आहे."

"माझ्याशिवाय हे ठाऊक असणारा गावात एकच माणूस असू शकतो," डॉक्टर म्हणाले.

शिष्याचा चेहरा उतरला. "तुम्हाला आधीच कळलं होतं?"

"नाही. आत्ता कळलं. बस."

मग ते सावकाश बोलू लागले. "साठ वर्षं मी माझ्या बापाच्या पक्षालाच मत देतो आहे, याही वेळी दिलं. तुझं मत मला पटत नाही, त्यावर तासभर भांडायचीही माझी तयारी आहे. पण आपल्या लोकांकडे पाहून मला भीती वाटली. ते जिंकले होते आणि तरी त्यांना चैन पडेना. त्यांना विजय पुरत नव्हता, तो एक माणूस हवा होता. तसा एक जण खरोखर हाती लागला, की पुढच्या वेळी मतदानाच्या पडद्याआडही कुणी एकटा राहत नाही. सारं गाव त्याच्या खांद्यावरून वाकून बघतं. माझं वय झालं आहे. माझ्यावर रागावतील आणि दमतील. तू कबुली द्यायला जाऊ नकोस, ती मागण्याचा हक्कच त्यांना नाही. फक्त पुढच्या वेळी आत जाशील, तेव्हा स्वतःच्या बुद्धीने वाग."

शिष्याने मनापासून वचन दिलं.

दोन वर्षांनी पुन्हा मतदान झालं. दोनशे नऊ इकडे, तिकडे शून्य. चर्चची घंटा वाजली. संध्याकाळी लोक केक घेऊन डॉक्टरांच्या दारी आले. ज्याचं शिंगरू गेलं होतं त्या शेजाऱ्याने त्यांना मिठी मारली. तो म्हणाला, "शेवटी आमच्यात परत आलात." डॉक्टरांनी गर्दीत शिष्याला शोधलं. तो दाराशी खाली मान घालून उभा होता.

सगळे गेल्यावर तो म्हणाला, "तुमचं बोलणं आठवत होतं. तरी खूण करताना हात गावाच्या पक्षाकडे वळला."

"कुणी बघत होतं?"

"नाही. पडदा होता."

डॉक्टर त्याच्यावर रागावले नाहीत. ते फार थकलेले दिसले. बशीतला केक तसाच होता. "लोकांना उद्या काय सांगणार?" शिष्याने विचारलं.

"आभार मानणार," डॉक्टर म्हणाले.

तेव्हा शिष्याला उमगलं, की गावाने डॉक्टरांना जी क्षमा केली ती त्याच्या भित्रेपणाची कमाई होती. आणि डॉक्टरांना ती मुकाट्याने घ्यावीच लागणार होती, कारण नाकारली असती तर गाव पुन्हा त्या एकाला शोधायला निघालं असतं.