कोष्टी आळीचा नळ आणि भोळा सखाहरी

सावरखिंड नावाचं एक गाव होतं. ते नुकतंच शहर झालं होतं, म्हणजे कचेरीवरची पाटी बदलली होती. आधी ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत झाली. खुर्च्या त्याच, माणसंही तीच. त्या नगरपंचायतीत सखाहरी नावाचा एक भोळा शिपाई होता.

सखाहरीला एकच खोड होती. सांगितलेलं काम तो करायचा. कचेरीतले बाकीचे लोक सांगितलेलं काम करत नसत, त्यामुळे त्यांच्या हातून कधी चूकही होत नसे.

दर सोमवारी कोष्टी आळीची गोदाक्का रिकामी घागर घेऊन कचेरीत यायची. आळीत नळकोंडाळं बांधून वर्ष झालं होतं, पण त्यातून थेंब आला नव्हता. बायका अर्धा कोस चालून विहिरीवर जायच्या. गोदाक्काच्या गुडघ्यांनी तर केव्हाच हात टेकले होते. ती अर्ज द्यायची, सखाहरी शिक्का मारायचा, आणि अर्ज कपाटात जायचा.

"पोरा, माझ्या नळाचं काय झालं रे?"

"गोदाक्का, शिक्का अगदी ठसठशीत उठलाय," सखाहरी सांगायचा.

शेवटी गोदाक्कानं थेट तालुक्याला तक्रार केली. प्रांतसाहेब चौकशीला निघाल्याची कुणकुण नगराध्यक्ष रंगरावांना लागली. त्यांनी सखाहरीला बोलावलं.

"हे बघ, कुणीही आलं तरी सांगायचं, साहेब दौऱ्यावर आहेत."

"बरं साहेब. लक्षात ठेवतो."

आणि त्यानं खरोखरच लक्षात ठेवलं. प्रांतसाहेब आले. सखाहरी दारात आडवा उभा राहिला.

"रंगराव आहेत का?"

"आहेत की. आत बसलेत, भजी खातायत. पण ते दौऱ्यावर आहेत."

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. आत्ताच."

प्रांतसाहेबांनी डायरीत काहीतरी लिहिलं आणि गाडीत बसून निघून गेले. रंगराव तोंडातलं भजं न गिळताच बाहेर आले.

"अरे गाढवा! मोठे साहेब आले की हार घालावा, हातात नारळ द्यावा, टाळ्या वाजवाव्यात!"

"पण मोठे साहेब ओळखायचे कसे?"

"पुढे-मागे माणसांची ही गर्दी असते. लोक वाट सोडून उभे राहतात. कळलं?"

"बरं साहेब. लक्षात ठेवतो."

त्या दिवसापासून सखाहरीच्या पिशवीत एक हार आणि एक नारळ कायम असायचा. चारच दिवसांनी तो टपाल घेऊन बाजारातून चालला होता. समोरून केवढी तरी गर्दी आली. पुढे माणसं, मागे माणसं. दुकानदार उठून उभे राहिलेले, लोक वाट सोडतायत. सखाहरी खूष झाला. धावत पुढे गेला आणि मधोमध उभा राहिला.

ती गावातल्या गणूनानांची अंत्ययात्रा होती. नाना नव्वदीचे होऊन गेले होते. सखाहरीनं नानांना हार घातला, हाताशी नारळ ठेवला आणि कडाकडा टाळ्या वाजवल्या.

"या, या! चहा घेणार की सरबत?"

नाना काही बोलले नाहीत. सखाहरीला वाटलं, मोठी माणसं अशीच असतात.

रंगराव पुढच्या खांद्याला होते, कारण निवडणूक जवळ आली होती. नानांच्या भावकीनं त्यांच्याकडे असं काही बघितलं की तिरडी तिथंच टाकून पळावं असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सखाहरीला फैलावर घेतलं.

"अक्कल गहाण टाकलीस का रे? लोकांचे चेहरे पडलेले दिसले, कुणी डोळे पुसताना दिसलं, की टोपी काढायची, मान खाली घालायची आणि दोन मिनिटं उभं राहायचं. सगळ्यांना उभं करायचं. मध्ये कुणी बोललं तर त्यालाही गप्प करायचं!"

"बरं साहेब. लक्षात ठेवतो."

पुढच्या आठवड्यात बाजारपेठेतली मोठी पाईप फुटली. हे उंच कारंजं! पाणी दुकानांत शिरलं. गुळाच्या ढेपा विरघळायला लागल्या. किराणावाले पोपटशेठ कपाळ बडवत ओरडत होते, "मेलो! बुडालो!" त्यांची बायको पदरानं डोळे पुसत होती.

सखाहरीनं टोपी काढली, मान खाली घातली. तेवढ्यात कादर फिटर पाना घेऊन धावत आला. सखाहरीनं त्याचा दंड धरला.

"उभा राहा. दोन मिनिटं."

"अरे सोड! व्हॉल्व बंद करू दे!"

"शू! बोलायचं नसतं."

कादरनं हिसडा दिला, पण सखाहरीची पकड भलतीच घट्ट. दोन मिनिटं झाली तेव्हा पाणी कमरेएवढं होतं आणि पोपटशेठच्या दुकानात गुळाचा पाक झाला होता.

रंगरावांनी आता हातच जोडले. "बाबा रे, पाणी वाया जाताना दिसलं की ते कुठून येतंय ते शोध, तिथं पळत जा, व्हॉल्व बंद कर. कुणाला विचारू नकोस. आणि मी कुठंही असलो तरी मला येऊन सांग!"

"बरं साहेब. लक्षात ठेवतो."

इकडे प्रांतसाहेबांचं पत्र आलं की कोष्टी आळीचा नळ मी स्वतः बघायला येतो. रंगरावांना घाम फुटला. कारण आळीची पाईपलाईन कागदावर पूर्ण झाली होती, जमिनीत मात्र एक फूटही पडली नव्हती. पण डोकं असलं की मार्ग निघतो. शाळेच्या भिंतीमागे पाण्याचा टँकर उभा केला, भिंतीखालून नळी घातली आणि नळाला जोडली. मांडव पडला, माईक आला. म्हटलं तर उद्घाटनच!

गोदाक्का पहाटेपासून घागर घेऊन बसली होती. बायकांना दोरीच्या मागे ठेवलं होतं.

"घागरी लांब ठेवा," रंगराव म्हणाले, "फोटोत वाईट दिसतात."

प्रांतसाहेब आले. रंगरावांनी तोटी फिरवली. धो धो पाणी आलं! रंगराव नळाला हात लावून फोटोग्राफरकडे बघत राहिले. एक फोटो, दुसरा फोटो. पाणी गटारात चाललं होतं. दोरीमागे गोदाक्काचा जीव तीळ तीळ तुटत होता.

सखाहरीनं ते पाहिलं. पाणी वाया चाललंय! तो नळीच्या मागोमाग भिंतीपलीकडे गेला. नळावरचं पाणी बंद झालं. रंगराव तोटी फिरवतायत, ठोकतायत, पण थेंब नाही. तेवढ्यात सखाहरी धापा टाकत आला आणि थेट माईकसमोर म्हणाला,

"साहेब, टँकरचा व्हॉल्व बंद केला! आता थेंब वाया जायचा नाही!"

"कुठला टँकर?" प्रांतसाहेब म्हणाले.

"चला, दाखवतो की."

सगळा मांडव भिंतीमागे गेला. गोदाक्कानं दोरी वर केली आणि गुडघे विसरून धावली. बायकांनी टँकरला गराडा घातला. पुढे माणसं, मागे माणसं. सखाहरीचे डोळे चमकले. त्यानं पिशवीतला हार टँकरला घातला, नारळ टपावर ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. बायकांनीही वाजवल्या. त्यांना टाळ्या वाजवाव्या असं वर्षात पहिल्यांदाच काही दिसलं होतं.

"पाईपलाईन कुठाय, रंगराव?" प्रांतसाहेबांनी विचारलं.

रंगरावांनी हेडक्लार्ककडे बोट दाखवलं.

"ती पडेपर्यंत हा टँकर रोज या आळीत उभा राहील. आणि तुमची खुर्ची काही आता राहत नाही, हे लिहून घ्या."

रंगराव मटकन खाली बसले. सगळ्या नगरसेवकांचे चेहरे पडले. हेडक्लार्क तर डोळे पुसायला लागला, कारण पाईपलाईन पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही त्याची होती.

सखाहरीनं टोपी काढली आणि तो टँकरच्या पायरीवर चढला.

"सगळ्यांनी उभं राहायचं. रंगरावसाहेबांसाठी दोन मिनिटं!"

लोक सवयीनं ताठ उभे राहिले. प्रांतसाहेबांचीही मान आपोआप खाली गेली. फक्त गोदाक्का वाकलेलीच राहिली, ती टँकरचा व्हॉल्व उघडून घागर भरत होती.

"अरे मूर्खा!" रंगराव किंचाळले. "मी जिवंत आहे!"

सखाहरीनं ओठांवर बोट ठेवलं.

"शू! साहेब, मध्ये बोलायचं नसतं. तुम्हीच सांगितलंत."