पेरू, फणस आणि सशाच्या घरचं लग्न

फार वर्षांपूर्वी, फोनला पाठीमागे एकच कॅमेरा असायचा, तेव्हाची गोष्ट. जंगलात दोन पंथ होते: पेरू फोनवाले आणि फणस फोनवाले. एका सकाळी पेरूच्या कंपनीने सगळ्या फोनमधला जुना नकाशा काढून स्वतःचा नवा बसवला. नेमकं त्याच दिवशी सशाच्या मुलीचं लग्न होतं.

पेरूवालं मुंगूस नव्या नकाशावर नजर ठेवून निघालं आणि थेट डबक्यात, गुडघाभर चिखलात जाऊन उभं राहिलं. मागोमाग फणसवाली घोरपड आली. तिच्या फोनमध्ये वाट बरोबर होती, पण मुंगसाची फजिती सोडून मांडवात जाणार कोण?

"काय मुंगूसभाऊ, पोचलात का लग्नाला?"

"नकाशा अगदी बरोबर आहे," मुंगूस फणकारलं. "सशानेच मांडव चुकीच्या जागी घातलाय. आणि नकाशाचे रंग बघा, किती सुंदर!"

"आमच्यात असले चोचले नाहीत. आमचा फोन सरळ पंगतीत नेऊन बसवतो."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

यावर दोघांचं असं जुंपलं, की दोन पंगती उठल्या तरी थांबेना. शेवटी कासव ढेकर देत परतताना दिसलं.

"कासवकाका, कोणत्या फोनवर बघून गेलात?" दोघांनी एकदम विचारलं.

"फोन कुठला? सनई ऐकू आली, तिच्या रोखाने गेलो. पळा, अजून जिलेबी शिल्लक आहे."

"सनई ऐकावी तर पेरूवर," मुंगूस म्हणालं. "फणसावर नुसती पिपाणी वाटते."

"पिपाणी?" म्हणत घोरपडीने चिखलातच बैठक मारली.